रायर मामांचे पेशंट

तंजावरात दर गल्लीला एक कुंडीवैद्य असतो. त्याची नेमणूक कोणी केलेली नसते, फी ठरलेली नसते आणि रविवारची सुट्टी तर नसतेच नसते. राजवाड्याजवळच्या वीदींमधून, म्हणजे रस्त्यांमधून, सकाळी एक चक्कर मारा, हा माणूस ओळखायला वेळ लागत नाही. बाकीचे लोक दुसऱ्याच्या दारात उभे राहून घरात डोकावतात. हा दाराबाहेरच्या कुंडीत डोकावतो. घरमालकाची ख्यालीखुशाली नंतर, आधी जास्वंदीची.

आमच्या गल्लीत हे पद रायर मामांकडे आहे. रायर म्हणजे राव. व्यंकोजीराजांच्या मागोमाग जी मराठी कुटुंबं कारभाराच्या निमित्ताने इकडे आली आणि इथलीच होऊन गेली, त्यांना तमिळ शेजारी रायर म्हणतात. मामा तर इथे पन्नाशी ओलांडलेला कुणीही होतो. १८५५ साली इंग्रजांनी तंजावरचं राज्य खालसा केलं, पण कारभार करण्याची खोड काही खालसा झाली नाही. राज्य नाही तर नाही, गच्ची आहे. मामा ट्रेझरीत हिशेबनीस होते. निवृत्तीच्या दिवशी मिळालेला हार त्यांनी घरी आणून भिंगाखाली धरला आणि त्यातल्या शेवंतीवर मावा आहे असं जाहीर केलं, ही गोष्ट मामी अजून सांगतात.

मी साताऱ्याचा. सरस्वती महाल ग्रंथालयातले मोडी कागद वाचायला म्हणून आलो आणि मामांच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू झालो. भाडं ठरवताना मामांनी माझी नोकरी विचारली नाही, जेवणखाण विचारलं नाही. एवढंच विचारलं, “कुंड्या आणणार काय?” आणणार म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला की अनामत रक्कम त्यांनी स्वतःहून कमी केली. तेव्हा मला ते प्रेम वाटलं. पेशंट दारात चालून येतोय याचा तो आनंद होता, हे पुढे कळलं.

मामांचा थाट बघण्यासारखा असतो. पांढरी वेष्टी, खांद्यावर तुंडू, गळ्यात काळ्या दोऱ्याला सोनाराचं भिंग. सदऱ्याच्या खिशात एक चित्रकाराचा बारीक कुंचला आणि घडी घातलेला पांढरा कागद. मराठी बोलणं गोड, रागावले की तमिळ, आणि औषधाचं प्रमाण सांगायची वेळ आली की इंग्रजी. दुसऱ्या सरफोजीराजांनी धन्वंतरी महालात वैद्यकाचं संशोधन चालवलं, वनस्पतींची आणि प्राण्यांची हुबेहूब चित्रं काढून घेतली, हे मामा पहिल्याच भेटीत सांगतात. ती परंपरा सध्या कुठे चालू आहे, हे ते सांगत नाहीत. नुसतं गच्चीकडे बघतात.

निदानात मात्र हा माणूस पक्का आहे, हे आधी लिहून ठेवतो. पुढे मी त्यांच्याविषयी बरंच काही बोलणार आहे. आपण कुंडीपाशी गेलो की पानाकडे बघतो, मामा जमिनीकडे बघतात. मुंग्यांची रांग कुंडीवर चढत असेल तर ते भिंगाला हात लावायच्या आधीच “वर कारखाना सुरू आहे” असं म्हणतात. मावा झाडाचा रस पितो आणि नको असलेली साखर गोड चिकट थेंबांच्या रूपात मागून टाकून देतो. मुंग्या त्या थेंबांसाठी वर जातात आणि मोबदल्यात माव्याची राखण करतात. मग मामा खालच्या जुन्या पानावर बोट फिरवतात. चिकट लागलं की मान हलते. पानावर पांढऱ्या कोंड्यासारखं काही दिसलं की दोनदा हलते, कारण ती माव्याने टाकलेली कात असते. सगळ्यात शेवटी कोवळा शेंडा दोन बोटांत उलटा करायचा. तिथे ती मंडळी दाटीवाटीने डोकं खाली करून बसलेली असते. पांढरा कागद धरून शेंड्यावर टिचकी मारली की दहा-वीस जण कागदावर पडतात आणि सावकाश चालू लागतात. मामा भिंग माझ्या हातात देतात आणि सांगतात, “पाठीमागे दोन नळ्या दिसतात काय बघा. दिसल्या तर मावा. नाही तर दुसरी पूच्ची.” पूच्ची म्हणजे कीड.

जास्वंदीवरचा पिवळट हिरवा, अवरैच्या, म्हणजे वालाच्या, वेलावरचा चकचकीत काळा, शेवंतीवरचा गडद तपकिरी, पुदु आरू कालव्याच्या काठच्या रुईवरचा काळ्या पायांचा भडक पिवळा: मामा माव्याला रंगावरून आणि घरावरून ओळखतात. कापसासारखं पांढरं काही दिसलं की लोक “मावा, मावा” म्हणत धावत येतात. मामा शांतपणे सांगतात, “हा नव्हे, हा पिठ्या ढेकूण.” कुंडी हलवल्यावर पांढरा धुरळा उडाला तर ती पांढरी माशी. एवढं साधं ज्ञान न घेता माणसं चाळीस-चाळीस वर्षं संसार करतात, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं.

एकदा कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या बाई रडकुंडीला आल्या होत्या. कुंड्यांतली सगळी पानं काजळी फासल्यागत काळी. आणलेली सगळी औषधं मारून झाली होती. मामा गेले, त्यांनी कुंडीकडे ढुंकूनही बघितलं नाही. मान वर करून ते माडाकडे बघत राहिले. माडाच्या झावळ्यांखाली पांढरी वेटोळी होती. २०१६ साली पोळ्ळाच्चीच्या बाजूला पहिल्यांदा सापडलेली ती परदेशी पांढरी माशी आता तमिळनाडूतल्या माडांवर ठाण मांडून आहे. ती वरून चिकटा टाकते, त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते, आणि खाली उभं असलेलं निरपराध झाड काळवंडतं. “कुंड्या सरकवा आणि पानं ओल्या फडक्याने पुसा,” मामा म्हणाले. खर्च शून्य.

खरं तर इथे केस संपली. पण औषध नाही म्हटल्यावर बाई नाराज झाल्या, आणि बाई नाराज झालेल्या मामांना बघवेना. निघता निघता त्यांनी कडलै पुण्णाक्कु, म्हणजे शेंगदाण्याची पेंड, तीन दिवस भिजवून ते पाणी घालायला सांगितलं. “झाडाला ताकद पाहिजे हो.”

रायर मामांची सगळी गोम या वाक्यात आहे. मामांना झाड उपाशी दिसतं. जगातलं कुठलंही झाड. पेंडीचं पाणी, पंचगव्य, शेणाची रबडी, तांदळाचं धुवण असा त्यांचा खुराक सुरू झाला की झाड आठ-दहा दिवसांत लुसलुशीत फुटतं. फाजील नत्राने आलेली ही पालवी मऊ आणि रसाळ असते, आणि पंखवाल्या माव्याला उतरायला नेमकी अशीच जागा हवी असते. पंधरवड्यात बाई परत दारात. या वेळी खरा मावा. मामा भिंग लावतात आणि समाधानाने म्हणतात, “बघा, वेळेवर आलात.”

मामांची एक वही आहे. मराठी भाषा आणि तमिळ लिपी, इथल्या पुष्कळ मराठी घरांत असतं तसं. रकाने ट्रेझरीचे: तारीख, पेशंट, तक्रार, जमा, खर्च. जमा म्हणजे दिसलेला मावा, खर्च म्हणजे मेलेला. वर्षअखेर ताळेबंद जुळत नाही, याचं दुःख त्यांना आहेच. पण माव्याचा हिशेब जुळणार कसा? माव्याची मादी नराशिवाय थेट जिवंत पिल्लं घालते, तीही सगळ्या मुलीच, आणि त्या मुलींच्या पोटात जन्मतानाच पुढची पिढी आकार घेत असते. आठवडाभरात लेक स्वतः आई होते. मामा याला चक्रवाढ व्याज म्हणतात आणि सावकारी कर्जापेक्षा वाईट मानतात. १७४० साली जिनिव्हाच्या शार्ल बोने नावाच्या विशीतल्या पोराने एकच मादी जन्मल्यापासून एकटी कोंडून ठेवली आणि दिवसरात्र तिच्यावर नजर ठेवली. तिने एकटीने नव्वदहून अधिक पिल्लं घातली. मी हे सांगितल्यावर मामांनी क्षणभर विचार केला. “१७४०? म्हणजे इकडे प्रतापसिंह महाराज गादीवर येऊन वर्ष झालेलं,” असं म्हणून त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. का, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

न्यू जर्सीतला भाचा पहाटे गुलाबाचे फोटो पाठवतो. थंड मुलखात हिवाळ्याच्या तोंडावर माव्यातही नर जन्मतात, अंडी घातली जातात, सगळं रीतसर चालतं. आपल्या उष्ण हवेत त्यांना बाराही महिने पुरुषांची गरज पडत नाही, असं मामा त्याला समजावत होते. मामी आत अप्पमचं पीठ घोटत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “म्हणूनच त्यांची कामं वेळेवर होतात.”

आता उपचारांकडे येतो. माव्याला नमवणं फार अवघड नाही. जोरात पाण्याची धार मारली की तो खाली पडतो, आणि पडलेला बहुतेक परत वर चढत नाही. ऐप्पसी-कार्तिगै या तमिळ महिन्यांच्या पावसात इथे मावा धुऊन निघतो तो असाच. मार्गळीत पाऊस उघडला, ढगाळ हवा आणि दव सुरू झालं की तो पुन्हा जोर धरतो. रोज सकाळी पाइप लावून पानांच्या खालून धार मारायची, शेंडा फारच भरला असेल तर चिमटीत धरून पुसून काढायचा. न जमल्यास लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुलिंबाचं तेल, ते पाण्यात मिसळावं म्हणून थोडा खादी साबण. आधी एका पानावर मारून बघायचं, मग ऊन उतरल्यावर सगळ्या झाडावर, पानाच्या खालच्या बाजूला. आठवड्याने पुन्हा एकदा. कपडे धुवायची पावडर वापरू नये, पानं करपतात. तंबाखूचा काढा तर नकोच; निकोटीन माव्यालाच नाही, आपल्यालाही विष आहे, आणि कढीपत्ता शेवटी आपल्याच फोडणीत पडतो.

हे सगळं मला मामांनीच शिकवलं. स्वतः मात्र ते पाण्याच्या धारेवर कधीच थांबत नाहीत. पाणी हे औषध आहे, हे त्यांच्या मनाला पटत नाही. नळाला येतं ते कसलं औषध? त्यामुळे ते सुरुवातच शेवटच्या पायरीपासून करतात. इंजी, पूंडू आणि हिरवी मिळगाय, म्हणजे आलं, लसूण आणि मिरची, वाटून केलेला अर्क, त्यावर आंबवलेलं ताक, त्यावर कडुलिंबाचं तेल, आणि हे सगळं एकाच पंपात. चित्रै महिन्यातल्या एका संध्याकाळी शेजारच्या गच्चीवर वडाम, म्हणजे तळणीचं वाळवण, वाळत घातलेले असताना मामांनी पंप मारला. वारा नेमका त्या बाजूचा. दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरातून तळलेल्या वडामांची एक थाळी मामांकडे आली, बरोबर निरोप नाही. मामांनी एक तोंडात टाकला आणि सबंध दिवस बोलले नाहीत. कडुलिंब टिकतो चांगला, हे मात्र त्यांनी वहीत लिहिलं.

मित्रकीटकांच्या बाबतीत मामा हळवे आहेत. ठिपक्यांचा ढालकिडा सगळ्यांना ओळखता येतो; त्याची अळी कोणी ओळखत नाही. काळी, लांबट, नारिंगी ठिपक्यांची ही अळी दिवसभर मावा खात फिरते आणि लोक तिलाच कीड समजून चिरडतात. मामा असं होऊ देत नाहीत. एका बाईने त्यांच्या देखत अशी अळी चप्पलखाली घेतली, तेव्हा मामा तमिळमध्ये जे बोलले त्याचा अर्थ मी अजून कोणाला विचारलेला नाही. पहाटे ते पुदु आरूच्या काठावर जातात, रुईच्या झाडांवरच्या अळ्या कुंचल्याने तपकिरीच्या रिकाम्या डबीत उतरवतात आणि गच्चीवर आणून एकेका कुंडीवर नेमणूक करतात. “ही जास्वंदीला, ही अवरैला.” वहीत नोंद होते, सैन्यभरती. आणि त्याच संध्याकाळी त्याच जास्वंदीवर खादी साबणाचा फवारा मारतात. साबण मऊ अंगाच्या कुणालाही सोडत नाही. मावा काय आणि मावा खाणारी अळी काय. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा नवी भरती. मामांना यात विसंगती दिसत नाही. लढाई म्हटली की आपली माणसंही कामी येतात, असं त्यांचं म्हणणं.

मुंग्यांचा बंदोबस्तही त्यांनी असाच केला. कुंड्यांच्या तिवईचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. मुंग्या थांबल्या, ढालकिड्यांना मोकळं रान मिळालं, योजना खरोखर उत्तम होती. पण डेंग्यूच्या दिवसांत साचलेलं पाणी तपासायला घरोघर बायका येतात. त्यांनी वाट्यांमध्ये वळवळणाऱ्या डासांच्या अळ्या मामांना दाखवल्या, तेही मामांच्याच भिंगातून. गल्लीतले सगळे लोक आपापल्या दारात आले होते. मामांनी वाट्या रिकाम्या केल्या आणि तिवईच्या पायांना ग्रीस फासलं. मामींच्या दोन साड्या त्या ग्रीसला लागल्या, तो खर्च वहीत कुठल्या रकान्यात टाकला हे मला माहीत नाही.

तिरुवैयारूचं त्यागराज आराधनेचं गाणं मामा चुकवत नाहीत. तंजावरहून तेरा किलोमीटर, पहाटेची बस. पंचरत्न कृती सुरू झाल्या की हजारो माणसं मांडीवर ताल धरतात. मामांचाही हात हलत असतो, पण नजर मांडवाच्या कडेला ठेवलेल्या शेवंतीच्या कुंडीवर. आरभी रागातली कृती संपता संपता ते उठले, कुंडीपाशी गेले, एक शेंडा उलटा केला आणि परत येऊन माझ्या कानाशी म्हणाले, “तपकिरी.” मग डोळे मिटून वराळीत बुडून गेले. रोगाचं नाव कळलं की त्यांना खरी शांतता लाभते.

या माणसाच्या आयुष्यातलं शल्य म्हणजे गल्लीच्या टोकाच्या इस्त्रीवाल्याची जास्वंद. रंगाच्या जुन्या डब्यात लावलेली, डब्याला गंज चढलेला, खत कधी नाही. इस्त्री करण्यापूर्वी कपड्यांवर शिंपडायला आणलेलं जे पाणी उरेल, ते संध्याकाळी तिला मिळतं. ती बाराही महिने फुलते. मामा रोज तिथे थांबून भिंग लावतात. मावा असतो, नसतो असं नाही. शेंड्यावर पाच-सहा बसलेले असतात. शेजारी एखादी ढालकिड्याची अळी असते. आणि सोनेरी तपकिरी, फुगलेले, मेलेले मावे असतात, प्रत्येकाच्या पाठीला एक गोल भोक. एक बारीक गांधीलमाशी जिवंत माव्याच्या पोटात अंडं घालते, तिचं पिल्लू त्याला आतून खाऊन त्या भोकातून बाहेर पडतं. हे सगळं खातं कोणी न चालवता, विनानोंद, आपोआप जुळलेलं असतं. ट्रेझरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे सहन होत नाही.

“पुण्णाक्कुचं पाणी देतो. फुकट,” मामा त्याला दर आठवड्याला म्हणतात.

इस्त्रीवाला निखारे फुंकत मान वर न करता म्हणतो, “वेण्डाम, सामी.” म्हणजे, नको.

मामांच्या विरोधात माझी तक्रार एवढीच की त्यांना नुसतं बघत बसता येत नाही. बघण्याचं काम या शहरात त्यांच्याइतकं चांगलं कोणी करत नाही, आणि बघून झाल्यावर गप्प राहणं त्यांच्याइतकं वाईट कोणाला जमत नाही. गल्लीतल्या निम्म्या कुंड्यांना मावा मामांच्या पेंडीमुळे लागतो, आणि मावा लागल्याचं पहिल्या दिवशी कळतं तेही मामांमुळेच. हिशेब मांडला तर गल्ली त्यांच्या देण्यात आहे की घेण्यात, हे मलाही सांगता येणार नाही.

तेव्हा तुमच्या शेवंतीचे शेंडे उद्या काळपट दिसले तर एवढं करा. आधी मुंग्या बघा. ढालकिड्याच्या अळ्या असतील तर चार दिवस कशालाही हात लावू नका. नसतील तर सकाळी नळाला पाइप लावा आणि पानांच्या खालून धार मारा. महिनाभर पेंड बंद ठेवा. आणि तंजावरला आलात तर मोठं देऊळ बघा, त्याच्या भिंतीवर १८०३ साली सरफोजीराजांनी कोरून घेतलेला भोसल्यांच्या इतिहासाचा मराठी शिलालेख बघा, सरस्वती महाल बघा. फक्त पूक्कार तेरूवरून, म्हणजे फूलवाल्यांच्या गल्लीतून, रोप विकत घेतलंत तर ते पिशवीत नीट झाकून न्या आणि आमच्या गल्लीतून दुपारी दोनच्या सुमाराला जा. मामा तेवढाच वेळ झोपतात.